सरावाचा अर्धा तास

दिग्रस, मंगळवार, संध्याकाळ

ईशाचा फोन येऊन गेला. कॅनडात कायम राहायची परवानगी मिळाली तिला. तिथल्या पदवीनंतर केलेल्या अर्जात फ्रेंचच्या परीक्षेचे गुण कामी आले. "आई, तुह्यामुळंच झालं हे!"

माझ्यामुळे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेलं फ्रेंच मीच तिला लहानपणी स्वयंपाकघरात शिकवलं. गेलं वर्षभर रोज संध्याकाळी सातला फोनवर सराव चालायचा. अर्धा तास, मराठी बंद. शेतात तूर सोंगून झाली, एवढं सांगताना मी अडायचे, कारण तुरीचं फ्रेंच नाव सिस्टरांनी शिकवलंच नव्हतं. ती हसायची, "तू तं प्रार्थना म्हणल्यासारखी बोलून राह्यली!"

आज विचारलं, उद्या सातला फोन करशील ना?

"आता कायले वो आई? सुटली तू!"

सुटले? ती तिथंच राहावी म्हणूनच तर शिकवत होते, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण तो अर्धा तास ती माझ्याजवळ असायची.

आनंद आहे, खरंच आहे. पण एक गोष्ट तिला कधी सांगणार नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी देवापुढे हात जोडले, तेव्हा 'पास होऊ दे' हे शब्द माझ्या तोंडून लवकर निघालेच नाहीत.