डब्यातलं हळकुंड

नल्लकुंटा, हैदराबाद
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अंबाजी यास,
सुशीलाअक्काचे आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही देगलूरला सुखात असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पाच वर्षांनी अक्काचं पत्र, तेही टपालाचा शिक्का नसलेलं, बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. दादांच्या कपाळालाही अशीच पडायची, तुला शोभते. फक्त पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझ्या भाच्याचं, प्रशांतचं ऑफिस आता कुकटपल्लीला गेलंय. रोजच्या जाण्यायेण्यातच त्याचा निम्मा जीव जातो. माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, उतरताना गप्प असतात. खालच्या लक्ष्मम्मांनी गोंगुऱ्याचं लोणचं दिलं. आपली अंबाडीच ती, पण त्यांच्यापुढे तसं म्हणायची सोय नाही. त्यांची बरणी धुऊन ठेवलीय, अजून परत दिलेली नाही. रिकामी कशी देणार? आईने आपल्याला तसं शिकवलं नाही.

तू नेहमी सांगायचास, बैल असो की माणूस, मी दोन पावलांत ओळखतो. बैलांचं मला मान्य आहे.

प्रशांतच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी घरात पंगत बसली होती. नवी सून प्रियदर्शिनी पोळ्या वाढत होती, तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला. ताट तिथंच ठेवून पुण्याची ही मुलगी आत गेली आणि लॅपटॉप उघडून बसली. तू भरल्या पानावरून उठलास. सगळ्यांच्या देखत म्हणालास, "अक्का, ही पोरगी पाहुणा दिसला की दार लावून घेणार. लिहून ठेव." तिने आतून ऐकलं. तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. त्या दिवसापासून तू या घराचा उंबरा चढला नाहीस. मीही दादांचीच मुलगी. दर भाऊबीजेला ओवाळणीचं तबक तयार केलं, पण तुला फोन केला नाही.

आता मुद्द्यावर येते.

गेल्या पंधरवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आमच्या वरणाशेजारी एक छोटं पातेलं शिजत होतं. चव घेतली तर त्यात मीठच नाही. दुधीची भाजी वेगळी, तीही अळणी. आधी वाटलं, हिचं काहीतरी डाएट असेल. पण ती स्वतः आमच्यातलंच जेवून गेली आणि ते अळणी जेवण स्टीलच्या डब्यात भरून घेऊन गेली. रोज तेच. मी विचारलं, "कुणासाठी गं?" ती म्हणाली, "आई, मी शब्द दिलाय. विचारू नका, मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाही."

राग आला मला. माझ्या घरात माझ्यापासून लपवाछपवी! दिवसभर मी तिच्याशी धड बोलले नाही. तिने ते सोसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पातेलं चढवलं.

तो डबा ती येताच स्वतः घासून ठेवायची, मला हात लावू द्यायची नाही. पण गेल्या बुधवारी दारातून आत येतानाच तिचा फोन वाजला. डब्याची पिशवी ओट्यावर ठेवून ती आत गेली. (हो, ऑफिसचाच फोन. तुझा जुना वैरी.) मी डबा उघडला. लख्ख घासलेला, पुसून कोरडा केलेला, आणि खालच्या पुडात एक हळकुंड.

अंबाजी, मी तिथेच पाटावर बसले. परत द्यायच्या भांड्यात सगळं जग साखर घालतं. हळकुंड घालायची ती आपली आई. घरात साखर नसायची आणि मळ्यात हळद पिकायची, म्हणून. प्रवासाला निघताना पिशवीच्या कोपऱ्यात हळकुंड बांधायचं हेही तिचंच, आणि तिच्यानंतर ते फक्त तिची सून, तुझी रेणू करते. पाच वर्षं माझं तोंड पाहिलं नाहीस, मनात अढी धरून बसलास, आणि तरी माझ्या घरचा डबा तुझ्याच्याने रिकामा परत पाठववला नाही. तेव्हा कळलं, तू देगलूरला नाहीस. माझ्यापासून दोन-चार सिग्नलांवर आहेस.

मी प्रियदर्शिनीला काही विचारलं नाही. ऋचाला फोन लावला आणि नुसतं "हळकुंड" एवढंच म्हणाले. तुझी लेक लगेच रडायला लागली. मग सगळं कळलं. रेणूच्या हृदयाचं दुखणं, नांदेडच्या डॉक्टरांनी इकडे धाडलं ते, आबिड्सच्या लॉजवरची तुझी खोली. तू नको म्हणत असताना घाबरून ऋचाने वहिनीला, म्हणजे प्रियदर्शिनीला, फोन केला आणि ती तासाभरात हॉस्पिटलात हजर झाली, हेही. आणि तुझी अट. अक्काला कळलं तर रेणूला उचलून तसाच गावी नेईन, असं म्हणालास म्हणे. रेणूच्या जिवावर तू हट्ट मांडलास. याबद्दल तुला मी समोर आल्यावर बोलणार आहे, कागदावर नाही.

आता माझी चोरी सांगते. शुक्रवारी ऑटो करून मी हॉस्पिटलात आले. पाण्याच्या कूलरजवळच्या खांबाआड उभी राहिले. रेणूच्या खोलीबाहेरच्या बाकावर प्रियदर्शिनी मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होती. तोच लॅपटॉप. शेजारी तू, भिंतीला डोकं टेकून पेंगत होतास. नर्सने हाक मारताच तिने लॅपटॉप मिटला, तिच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सगळं विचारून घेतलं आणि तुला मराठीत समजावलं. तू मान हलवत ऐकत होतास. तुला इतकं निमूटपणे ऐकताना मी दादांसमोरसुद्धा पाहिलेलं नाही.

ती औषधं आणायला खाली गेली. दारावरच्या वॉचमनने तुला विचारलं, "ये बच्ची कौन लगती आपको, चचा?"

तू टोपी सारखी केलीस, ताठ बसलास आणि म्हणालास, "बहू है हमारी. घर की बहू."

मला पुढे यायचं होतं. आले असते तर तिचा शब्द मोडला असता, म्हणून पदराने डोळे पुसत मागच्या मागे घरी आले. रस्ताभर छाती अशी भरून आली होती की ऑटोवाल्याने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. ज्याने तिला भरल्या घरात बोल लावला त्याच्यासाठी ही पोर अळणी दुधी शिजवते, सासूचा राग झेलते आणि दिला शब्द पाळते. मला तिचा अभिमान वाटतो. आणि लपवून काय करू, डबा रिकामा न पाठवणाऱ्या भावाचाही वाटतो. फार वाटतो.

ऋचा म्हणाली, रेणूला परवा सोडणार आहेत आणि तू तिथून थेट देगलूरची गाडी ठरवली आहेस. तसं करू नकोस. रेणूला चार दिवस इथं आराम पडेल. तिने माझ्या हातचं अळणी खावं, अशी माझी इच्छा आहे. आणि तू माफीबिफी मागू नकोस, ते तुला जमायचं नाही आणि मला बघवायचं नाही. जे त्या वॉचमनला सांगितलंस तेच माझ्या घरात, तिच्या समोर, एकदा सांग. तिने तुझे ते शब्द ऐकले होते, आता हेही ऐकू दे.

हे पत्र तिच्या पिशवीत डब्याखाली सरकवते आहे. तिला माहीत नाही. तिने शब्द मोडला नाही, हे लक्षात ठेव.

आजचा डबा तिच्या हाती परत देऊ नकोस. स्वतः घेऊन ये, रिकामा चालेल. पाच वर्षांपूर्वी टाकून गेलास ते पान पुन्हा मांडते. वाढायला तीच असेल. मध्येच तिचा फोन वाजला तर ती उठून जाईल. तू मात्र बसून राहा.

पान मांडून बसलेली,
तुझी अक्का