रंगूआत्याची माडी

महाड, ६ जून २०२४

ती. समीक्षाताईस, अक्षयचा शि. सा. न.

रोज लिहायला बसतो नि रोज उद्यावर ढकलतो. वाडीत तुझ्या फोनला रेंज नाय, तेवढीच माझी सुटका. बाबांनी मला धाडलं आत्याला पावसाआधी वर वाडीत आणायला. मधेच तुडील गावाला होडीत बसायला गेलो नि तिथंच रमलो. ते जाऊ दे.

रविवारी टेम्पो सांगितला. आत्याची ट्रंक, शेगडी, गाद्या दारात काढल्या नि टेम्पो येईस्तोवर विहिरीवर गेलो. तिथं बायकांनी गप्पांत धरलं. परत येतो तर दारात काय नाय! सामान बाहेर दिसलं म्हणून आळीला वाटलं, नदी चढली. कोणी विचारलं नाय, सगळं उचलून समोरच्या उज्वलाकाकूंच्या माडीवर. आत्याचे गुडघे ठाऊक हायत ना? तिला खुर्चीसकट नेली. टेम्पोवाला आला, त्यानेही शेगडी उचलली. आणि ऊन एवढं की डोकं तापावं!

एकवीस सालच्या पुरानंतर आळीने नियम केलाय. खालच्या प्रत्येक घराला एक माडी ठरलेली. मृगापासून दसऱ्यापर्यंत माडीवाल्यांनी दाराला कडी घालायची नाय. देवळाच्या पडवीत वर्गणीची होडी टांगलेली हाय. कुठल्या म्हाताऱ्याला कुठली गोळी, हे शेजारच्यांना पाठ.

मी हसत सुटलो. आत्या म्हणाली, आता सांग, यापेक्षा जास्त कोण सांभाळणार मला? ती काय वर येत नाय. तूच बाबांना समजाव. रागावलीस तरी माया असू दे.

तुझा अक्षय

वाडी, पोलादपूर, ९ जून

चि. अक्षय यास, अनेक आशीर्वाद.

गाढवा, तुला माणूस आणायला धाडलं, नि तू गोष्ट पाठवलीस. पत्र बाबांना वाचून दाखवलं. खुर्चीची गोष्ट आली तिथं मी हसले, ते नाय हसले. पुरात रस्ता खचला, आपली बहीण जिवंत हाय का तेसुद्धा त्यांना कळेना. तेव्हापासून त्यांनी महाडात पाय ठेवला नाय. ते म्हणतात, उन्हात कोणीही खुर्ची उचलेल. पाणी आलं की ज्याला त्याला आपला जीव. तिला घेऊनच ये. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

महाड, १४ जून

ती. ताईस, शि. सा. न.

बाबांचं बोलणं माझ्या तोंडून आळीभर झालं. उज्वलाकाकू भडकल्या. म्हणाल्या, पाणी आलं तेव्हा कुठला नियम होता? तरी छातीभर पाण्यातून रंगूबाईंना माझ्या माडीवर कोणी आणलं, हे भावाने एकदा तरी विचारलंय का?

मी तरी कुठे विचारलं होतं? मग सांगून टाकलं, आत्या कुठे जात नाय. मीपण राहतो, होडी वल्हवायला शिकतो. बाबांना काय बोलायचं ते बोलू देत. तुझ्या मायेवर भरवसा ठेवून थांबतो.

तुझा अक्षय

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर दारात रिक्षा थांबली. ताई, बाबा! काखेत वळकटी! तुला तरी सांगून निघालेत का? आत्याने विचारलं, न्यायला आलास? तर म्हणाले, नाय गो, दसऱ्यापर्यंत राहायला; पुन्हा पाणी आलं तर या खेपेला तुझ्यापाशी असेन. काकू माडीवर आणखी एक गादी घालतायत.