सचिवालयास एकवार मत असू देण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष महोदय,
पुंगोल मराठी स्नेहमंडळ,
(मुक्काम : आमच्याच फ्लॅटमधील आतली खोली)

विषय : मंत्रिमंडळ सचिवालयास एका विषयापुरते स्वतःचे मत मांडण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : इतिवृत्त सादर न केल्याबद्दल आपण फ्रिजच्या दारावर लावलेले स्मरणपत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, खाली सही करणारा प्रबोध शेवडे, मंत्रिमंडळ सचिव, आपणांस सविनय अर्ज करतो की,

१. आपली सारी नोकरी मुंबईस मंत्रालयात, मंत्रिमंडळाच्या बैठकांची कागदपत्रे तयार करण्यात गेली. आपल्या पत्नी सौ. सुलभाताई गेल्यानंतर आपण पुण्याचे घर बंद करून सिंगापूरला आपली कन्या ऋता हिच्याकडे, म्हणजे आमच्याकडे, राहावयास आलात. आरंभीचे काही महिने आपण बाल्कनीत बसून समोरून जाणाऱ्या एलआरटीच्या छोट्या रेल्वेगाडीकडे पाहत असा. बोलणे फार नसे. एकदा मी "बाबा, कंटाळा येतो का?" असे विचारले असता आपण "गाडीला ड्रायव्हर नाही, तरी वेळेवर येते," एवढेच म्हणालात.

२. पुढे मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षपद घेण्यास कोणीच तयार होईना. तेव्हा श्री. परेश यांनी, सभेत दिवसभर मोकळे असणारे आपण एकटेच आहात या कारणास्तव, आपले नाव सुचविले. आपण घरी येऊन प्रथम शर्टास इस्त्री केलीत. ऋता त्या दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली होती, "बाबा शीळ घालतायत. ऐक." ही नोंद अभिलेखात नाही, म्हणून येथे करीत आहे.

३. आपण कार्यकारिणीस 'मंत्रिमंडळ' हे नाव दिलेत. श्रीमती मीनल यांस अन्न खाते मिळाले. श्री. परेश मरीन इंजिनिअर असून वर्षातील निम्मा काळ जहाजावर असतात, तरी त्यांस परिवहन खाते मिळाले. त्यानंतर आपण असे प्रतिपादन केलेत की, ज्या मंत्रिमंडळास सचिवालय नाही ते मंत्रिमंडळ नसून चहापान होय. सचिव म्हणून माझी नेमणूक झाली. "घरचा माणूस आहे, बातमी फुटणार नाही," असे कारण आपण दिलेत.

४. सचिवालयाची भूमिका आपण मला जेवताना समजावून दिलीत. विषय आला की संबंधित खात्याचे अभिप्राय घ्यावेत, टिपणी करावी, ती सर्वांस आगाऊ पाठवावी, बैठकीत झालेला निर्णय जसाच्या तसा लिहावा आणि त्याची अंमलबजावणी होते की नाही ते पाहावे. कोण चिडले, कोण रुसले हे लिहू नये. आणि मुख्य म्हणजे, "प्रबोधराव, सचिवालयाला कान असतात, हात असतात. मत नसतं. ज्या दिवशी सचिवालयाला मत फुटलं, त्या दिवशी मंत्रिमंडळ संपलं."

५. ही भूमिका मी निष्ठेने पार पाडली. ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावरील सहलीत पावभाजी करावी की हॉकर सेंटरमधल्या खाद्यठेल्यांवरून साटे, म्हणजे काडीवर भाजलेले कबाब, आणावे, या विषयावर अन्न खात्याचा अभिप्राय आला, क्रीडा खात्याचा आला, परिवहन खात्याचा अभिप्राय जहाज बंदराला लागल्यावर आला. निर्णय होईपर्यंत बार्बेक्यूची जागा दुसऱ्या कुटुंबाने घेतलेली होती. आपण सायकली लावण्याच्या जागेशेजारी सतरंजी अंथरून बैठक उरकलीत. त्या दिवशी सर्वजण पोट धरून हसले, हेही इतिवृत्तात नाही.

६. तदनंतर कार्यपद्धतीचा विस्तार घरात झाला. एसी कितीवर ठेवावा हा विषय टिपणीशिवाय घेतला जाईना. जुरोंग आयलंडला कामावर जाण्यासाठी मी रोज कंपनीच्या बसने जातो, त्यास आपण 'दौरा' म्हणू लागलात आणि मजकडून दौऱ्याचा कार्यक्रम मागू लागलात. आपली नात कु. अवनी हिने हॅम्स्टर पाळण्यासाठी अर्ज केला. त्यात तिने "आजोबा, जस्ट से येस लाह" असे एकच वाक्य लिहिले होते. आपण त्यावर 'भाषा अर्जास शोभणारी नाही, मात्र मुद्दा स्पष्ट आहे' असा शेरा मारून तो क्रीडा खात्याकडे वर्ग केलात. हॅम्स्टर आज क्रीडा खात्याच्या अखत्यारीत आहे. त्याचा पिंजरा सचिवालयाने साफ करावा, असे ठरले.

७. डायनिंग टेबलावर सचिवालयाच्या फायली आल्यामुळे आमचे कुटुंब मांडीवर ताटे घेऊन जेवू लागले. याबद्दलही माझी तक्रार नव्हती. परंतु एके दिवशी ऋताने मला "आमटीत गूळ जास्त झालाय का?" असे विचारले. सवयीने माझ्या तोंडून "सचिवालयाला मत नसतं" असे निघून गेले. ती त्यानंतर माझ्याशी दोन दिवस फक्त अवनीमार्फत बोलली.

८. आता मूळ विषयाकडे येतो. गेल्या आठवड्यात ऋता स्वयंपाकघरात तिच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. ती म्हणाली, "या घरात साधं जेवायलासुद्धा बैठक लागते गं. बाबांना पुण्यातच बरं वाटलं असतं का, कोण जाणे." आपण त्या वेळी पाण्याची बाटली भरावयास आला होतात. आपण बाटली रिकामीच घेऊन परत गेलात. मी पॅसेजमध्ये उभा होतो. मी काही बोललो नाही.

९. त्यानंतरच्या बैठकीत, आमच्याच हॉलमध्ये, कार्यसूची संपल्यावर आपण 'आयत्या वेळचा विषय' म्हणून घोषित केलेत की, "अध्यक्ष पुढील महिन्यात कायमचे पुण्यास परत जात आहेत. सचिवालयाने तिकीट काढावे. कोणाची हरकत?" श्रीमती मीनल यांनी नुकतेच गरम साबुदाणा वडे आणले होते, त्यामुळे उपस्थितांची तोंडे भरलेली होती. जहाजावरून व्हिडिओ कॉलने हजर असलेले श्री. परेश स्क्रीनवर हात वर केलेल्या स्थितीत गोठले होते. ऋता चहा गाळत होती, ती आतून बाहेर आली तोपर्यंत आपण "मंजूर" म्हणून चष्मा डब्यात ठेवला होता. ती गाळणी हातात धरून तशीच उभी राहिली.

१०. या बैठकीचे इतिवृत्त मी लिहिलेले नाही. तिकीटही काढलेले नाही. आपले स्मरणपत्र योग्यच आहे. तथापि आपणच शिकविलेल्या कार्यपद्धतीनुसार मला पुढील बाबी निदर्शनास आणावयाच्या आहेत. या विषयाची टिपणी कोणासही आगाऊ पाठविलेली नव्हती. श्री. परेश यांचा काल फोन आला. ते म्हणाले, "अरे, मी विरोधासाठी हात वर केला होता, तेवढ्यात नेट गेलं. काका निघाले तर मंडळ कोण चालवणार, माझा बॉयलर?" आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे, ज्या खात्याशी हा विषय संबंधित आहे, त्या खात्याचा अभिप्राय घेतला गेला नाही.

११. तो अभिप्राय मी आता घेतला आहे. ऋता अध्यक्षांच्या वाळलेल्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिचे फोनवरील बोलणे आपल्या कानी पडल्याचे मी पॅसेजमधून पाहिले होते, ते तिला सांगितले. ती म्हणाली, "मी त्यांना घालवायचं म्हणून नाही रे बोलले. आई गेल्यावर मी पुण्याला गेले होते ना, तेव्हा ते गॅससुद्धा पेटवत नव्हते. बिस्किटं खाऊन राहायचे आणि फोनवर मला सांगायचे, वरणभात झाला. त्या घरात त्यांना परत एकटं पाठवू मी?" मग तिने घडी घातलेला शर्ट उलगडला आणि घडी पुन्हा घातली. "आणि तू तिथे होतास. तू का नाही काही बोललास?" मी तिला सचिवालयाची भूमिका सांगितली. ती म्हणाली, "मग बदल ती भूमिका." असा तिचा अभिप्राय आहे. त्यात मी एकही शब्द बदललेला नाही.

१२. महोदय, ऋताने हे आपणांस स्वतः का सांगितले नाही, असा प्रश्न आपणांस पडेल. ती दोनदा आपल्या दारापर्यंत गेली आणि परत आली. हा गुण तिने कोणाकडून घेतला, यावर सचिवालय भाष्य करीत नाही.

१३. सबब, नम्र विनंती की, मला या एका विषयापुरते मत मांडण्याची परवानगी द्यावी. परवानगी येईपर्यंत थांबण्याचा धीर नसल्याने ते मत येथेच नमूद करतो. बाबा, तुम्ही जाऊ नका. तुम्ही बाल्कनीत गप्प बसायचात ते मला आठवतं, आणि तुम्ही फ्रिजवर स्मरणपत्रं लावता तेही मी रोज बघतो. मला स्मरणपत्रं चालतील. ऋतालाही चालतील. तिला फक्त जेवताना समोर ताट हवं आहे आणि शेजारी तुम्ही.

१४. हे मत मांडल्याने मंत्रिमंडळ संपले असे आपणांस वाटल्यास मी शिस्तभंगाच्या कार्यवाहीस पात्र आहे. माझ्या जागी नेमणुकीसाठी कु. अवनी हिने तयारी दर्शविली आहे. "आय हॅव मेनी ओपिनियन्स, कॅन ऑर नॉट?" अशी तिची पृच्छा आहे.

१५. या अर्जावर लेखी शेरा आवश्यक नाही. ऋताने पोहे केले आहेत. आपल्यासाठी वरून खोबरे जास्त घालून झाकून ठेवले आहेत, आणि तिने स्वतः अद्याप घेतलेले नाहीत. तरी आपण खोलीबाहेर यावे, ही विनंती.

आजचा दिवस वगळता आपला आज्ञाधारक,

(सही)
प्रबोध शेवडे
मंत्रिमंडळ सचिव तथा जावई

दिनांक : १५ मार्च २०२६, रविवार
स्थळ : पुंगोल, आपल्या दाराबाहेर