खुंटीपाशी बेडूक

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आजीचं पत्र आलं म्हटलं की माणसाला आधी वाईटच सुचतं, म्हणून हे आधीच लिहून टाकलं. मी दोन इयत्ता शिकलेली बाई, त्यातली दुसरी अर्धीच, कारण मध्येच धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं. तेव्हा जोडाक्षरं जिथे मोडली असतील तिथे तुझी तू जोडून घे. हे पत्र टेम्पोवाला आणून देईल. तो पहाटे भाजी घेऊन तुमच्या शहरात येतो, तुझ्या ऑफिसच्या वॉचमनकडे ठेवतो म्हणालाय. त्याला बजावलंय, गुरुवारच्या आत नाही पोचलं तर माझ्याकडचा चहा कायमचा बंद. बिचारा पेनसुद्धा देऊन गेला.

फोन का नाही केला, म्हणशील. घरात फोन एक, आणि तो तुझ्या आजोबांबरोबर तुझ्या आत्याकडे गेलाय. आजोबा कवळी बसवायला गेलेत. इतके दिवस, आता चावायचं काय राहिलंय, असं म्हणत टाळत होते, मीच या वेळी हट्टाने पाठवलं. का, ते पुढे येईल. शेजारच्या शिंपीणबाईचा फोन आहे खरा, पण त्यावर बोलणं म्हणजे गल्लीत दवंडी पिटणं. मी हॅलो म्हटलं की ती शिलाई मशीन थांबवते आणि पायडलवर पाय ठेवून ऐकत बसते. आणि मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर गेलं तर तुझ्या आजोबांना रस्त्याने चालणं मुश्कील होईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दातांचं काम तर तिकडे चालूच आहे.

तर बाई, मागच्या रविवारी तू फोनवर बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुझे आजोबा स्पीकर लावतात, त्यांना वाटतं फोन जितका लांब धरावा तितका आवाज मोठा येतो. तू म्हणालीस, आजी, बाकी सगळ्यांच्या शेतात मी बनवलेली खुंटी नीट चालते, फक्त आपल्याच शेतात चुकते. माती कोरडी असून ओली सांगते, पंप सुरूच होत नाही. आणि जे माझ्या घरच्या शेतात चुकतं ते मी दुसऱ्यांच्या गळ्यात कसं मारू? पुढच्या आठवड्यात गुरुवारी त्या पैशांची मदत देणाऱ्या लोकांना सांगून टाकते, थांबवू या म्हणून. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आजोबांनी फोन तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, आधी पाणी पी. झालं. फोन ठेवल्यावर मग अंगणात नुसते फेऱ्या मारत राहिले.

तुला आठवतं ना, त्यांचं औषध एकच. तू लहानपणी पडलीस, पाणी पी. आईने धपाटा घातला, पाणी पी. परीक्षेत गणितात आपटलीस तेव्हा सगळं घर तुझ्यावर ओरडत होतं आणि हा माणूस काही न बोलता पेला घेऊन उभा. लग्नानंतर मी माहेरच्या आठवणीने रडायची तेव्हा मलाही तेच. सुरुवातीला मला राग यायचा, की दोन शब्द बोलता येत नाहीत का. मग कळलं, त्यांच्याजवळ आहेत ते दोन शब्द हेच. असो, मी कुठे होते?

हां, खुंटी. तू ती आपल्या टोमॅटोत रोवलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. हातभर लांबीची काठी, डोक्यावर ऊन खाणारी बशीएवढी काच, आणि पुढे ते दोन दिवे. तू समजावलंस, लाल म्हणजे माती सुकली, हिरवा म्हणजे बरं चाललंय. लाल असला आणि ऊन वर आलं की पंप आपला आपण सुरू होईल, मातीला हवं तेवढं पाणी नळ्यांतून झाडाच्या बुडाशी पडेल आणि आपला आपण थांबेल. आजोबा म्हणाले, म्हणजे आम्ही काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? तू हसलीस. मग त्यांनी विचारलं, आणि तुला तिकडे बसून काय कळतं? तू घाईत होतीस, गाडी उभी होती. म्हणालीस, लाल लागला की माझ्या फोनवर दिसतं, आजोबा. ते म्हणाले, मग तुला काळजी लागते? तू म्हणालीस, हो तर, काळजीच. आणि गेलीस. हे बोलणं लक्षात ठेव, मी उगाच लिहिलेलं नाही.

तुमच्या त्या मदतवाल्या बाई येऊन गेल्या ते तुला सांगायचं राहिलंच. चांगल्या आहेत, चिखलात बूट बुडाले तरी तोंड वाकडं केलं नाही. मला विचारलं, उन्हावरच्या पंपाने तुमच्या आयुष्यात काय फरक पडला? मी म्हटलं, पूर्वी वीज रात्रीची यायची, हे रात्री शेतात असायचे. आता पाणी दिवसा, हे रात्री घरात, आणि यांचं घोरणं मला ऐकावं लागतं. त्या इतक्या हसल्या की लिहायचंच विसरल्या. मग मीच म्हटलं, लिहा हो, की म्हातारा अंधारात साप-विंचवातून फिरत नाही, माझी झोप घोरण्याने मोडते पण काळजीने मोडत नाही. आणि उरलेल्या पाण्यावर मी बांधाला भेंडी, पालक, दुधी लावलाय, भाजी विकत घेतलेली आठवत नाही.

ओढ्यापलीकडच्या मावशीचं तर विचारू नकोस. गुडघ्यांनी अधू, एकटी बाई, पंपापर्यंत जायचं म्हणजे तिला अर्धा दिवस. खुंटी आल्यापासून ती बाजेवर बसून शेंगा सोलते आणि शेत आपलं आपण पाणी पितं. खुंटीला ती जावईबापू म्हणते. सांगितलेलं ऐकतो आणि जेवायला मागत नाही, असा जावई कुणाला मिळतो म्हणते. रविवारचं तुझं बोलणं शिंपीणबाईकडून तिच्यापर्यंत पोचलं, भिंतीपलीकडून ऐकलं असणार मेलीने. दुसऱ्या दिवशी मावशी काठी टेकत टेकत आली, दारातच टेकली आणि म्हणाली, जावयाला परत नेणार का गं? मी तिला चहा दिला.

आता बेडकाचं ऐक. टोमॅटो माना टाकत होते, जमीन पापडासारखी झाली होती, आणि तुझ्या खुंटीच्या पायाशी मात्र हिरवंगार गवत. त्या गवतात एक बेडूक. लठ्ठ, सुखी, घरजावई असल्यासारखा. मी रोज त्याला बघायची आणि म्हणायची, अरे, साऱ्या शेतात तुला हीच जागा सापडली? पण डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ. त्याच दिवसांत माझा स्वयंपाकघरातला तांब्या सकाळी जागेवर नसायचा. कधी अंगणात सापडायचा, कधी बांधावर, बुडाला चिखल लागलेला. मी मांजरावर संशय घेतला. मांजर तांब्या कशाला नेईल, पण संशयाला काय लागतं.

दुपारी आजोबा बादलीने टोमॅटोला पाणी घालायचे, एकेका झाडाला. मी म्हणायची, अहो, पंप हाताने चालू करा ना, ते बटण दिलंय पोरीने. तर म्हणायचे, नको, तिला तिकडे कळेल, तिला वाटेल आपलं यंत्र कामाचं नाही. यंत्र नवीन आहे, त्याला जरा रुळू दे. कंबर धरून बादल्या वाहायचे आणि यंत्राला नाव ठेवू द्यायचे नाहीत. मी मनात म्हटलं, प्रेम आंधळं असतं ते ऐकलं होतं, वाकलेलंही असतं.

तुझ्या फोननंतरच्या सकाळी तांब्या घेऊन हे मागच्या दाराने निघाले, तशी मीही निघाले. मक्याच्या आडोशाला उभी राहिले, या वयात नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणून स्वतःशीच हसत. ऊन अजून वर यायचं होतं. खुंटीचा दिवा लाल होता. हे तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तांब्याभर पाणी तिच्या बुडाशी हळूहळू ओतलं, आजाऱ्याला पाजतात तसं. ओतताना बोलत होते, पी बाई, पी, आणि तो दिवा बदल, ती तिकडे बघत असेल. दिवा हिरवा झाला. मग यांनी टोपीने तोंड पुसलं आणि बेडकाला म्हणाले, झालं रे, आता नाही काळजी करायची ती.

मी मक्यातच खाली बसले गं. हसू का रडू ते कळेना, दोन्ही केलं.

यांना काही बोलायची माझी छाती झाली नाही. बोलले असते तर माणूस मनातून खचला असता, की पोरीचं नुकसान आपल्याच हाताने झालं. म्हणून कवळीचं निमित्त काढलं. त्याच दुपारी आत्याकडे रवाना केलं आणि तांब्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आणि बघत बसले. पहिल्या दिवशी लाल दिवा लागला, माझाच हात शिवशिवायला लागला, खरं सांगते. पण कानाला खडा लावला आणि हललेच नाही. ऊन खळ्यावर आलं, आणि पंप आपला आपण सुरू झाला. नळ्या थेंब थेंब करायला लागल्या. संध्याकाळपर्यंत टोमॅटोंनी माना वर केल्या, शाळेत हजेरी घेताना पोरं करतात तशा. तेव्हापासून रोज तसंच चाललंय. गवत सुकलं, बेडूक रागावून पालकात राहायला गेलाय. तुझ्या फोनवर हे सगळं दिसलं असेल आणि तू म्हणाली असशील, आता तर यंत्राला वेडच लागलं. आजोबा रोज संध्याकाळी शिंपीणबाईच्या फोनवर विचारतात, खुंटी बरी आहे ना? बायको बरी आहे ना, हे अजून एकदाही विचारलेलं नाही.

तर भिंगरी, एवढं पत्र मी याच्यासाठी लिहिलं. तुझं यंत्र चुकलं नाही. त्याच्या पायाशी पाणी होतं, ते म्हणालं पाणी आहे. याहून खरं ते काय बोलणार? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. गुरुवारी त्या लोकांसमोर ताठ उभी राहा, हवं तर माझं नाव सांग, आणि मावशीच्या जावयाला हात लावू देऊ नकोस. तिथे आजोबांचंही सांग खुशाल, ते लोक काही आपल्या गल्लीत राहत नाहीत. पण आजोबांना त्यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस. आत्याच्या घरी त्यांना फोन कर आणि आपणहून सांग, की लाल दिवा म्हणजे माझी काळजी नव्हे, ती मातीची भूक आहे, तिला तिचं जेवण वेळेवर मिळतं. आणि शिकलेली आहेस तर आणखी एक कर. त्या खुंटीला एक तिसरा दिवा बसव, उलटा. तू तिकडे जेवलीस, झोपलीस, बरी आहेस, की इकडे लागेल असा. रंग कुठलाही चालेल. तो लागला नाही तर तांब्या घेऊन कुठे यायचं, तेवढं मात्र त्यांना सांगून ठेव.

कपाटाची किल्ली कमरेला लावून बसलेली,
तुझीच आजी