गार असायला हवी होती ती नळी

टिक, ठक, ठक. टिक, ठक, ठक. बाई, भुजंगप्रयात शिकवताना तुम्ही टेबल वाजवायचात, लघूला नख आणि गुरूला मूठ, तो आवाज आज सकाळपासून माझ्या डोक्यात चालू आहे. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने खिडकीची दारं आपटायची, पण तुमच्या ठोक्यांचा ताल कधी मोडला नाही. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली. तरी आज काही सांगायचंय ते तुम्हालाच, कारण घरात ते सांगण्याची हिंमत नाही.

तुम्हाला आठवतं का, निवृत्त झाल्यावर एकदा तुम्ही हायवेवरच्या माझ्या गॅरेजात आला होतात? इरकली साडी सावरत चक्क ट्रकच्या टायरवर बसलात आणि विचारलंत, "काय रे, तुझ्या गाड्या गातात का?" मी म्हटलं, "गातात बाई, पण वृत्तात चुकतात." तुम्ही इतक्या हसलात की चहा साडीवर सांडला. मग मी तुम्हाला इंजिनातला टर्बो दाखवला. बाहेर निघालेल्या धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा, तो इंजिनात ताजी हवा ढकलतो, त्याची शीळ बारीक आणि सरळ चढत गेली की समजायचं, गाडीला दम आहे. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "कान सांभाळ हो. तुझं सगळं शिक्षण त्यात आहे."

तेव्हापासून आमच्याकडे एक रीतच पडली. कुठल्याही गाडीचा टर्बो बदलायचा म्हणजे आधी इंजिन चालू करायचं, सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि मी कान द्यायचा. मी मान हलवली तरच नवा टर्बो मागवायचा. आता गॅरेज माझी लेक चालवते, लॅपटॉप लावून गाडीच्या पोटातलं वाचते, पण शेवटी तीही म्हणते, "बाबा, एकदा ऐका आणि सांगा."

परवा जयगडचा एक ड्रायव्हर आला. बंदरातून माल भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जातो, गाडी त्याची स्वतःची. बिचारा रडकुंडीला आला होता. "काका, घाटात चढतच नाय हो. नुसता काळा धूर. काल बैलगाडीवाल्याने मला हात दाखवला, पुढे जाऊ का म्हणून." दोन गॅरेजांनी त्याला टर्बो गेला म्हणून सांगितलं होतं. लेकीने लॅपटॉप लावला. हवेचा दाब कमी, एवढं नक्की होतं. का कमी, ते नक्की नव्हतं. मग नेहमीसारखं इंजिन चालू झालं, सगळे गप्प झाले आणि मी वाकलो.

बाई, शीळ नव्हती. म्हणजे असेल, मला आली नाही. भारी आवाज सगळे येत होते, इंजिनाची धडधड, हायवेवरचे हॉर्न. बारीक तेवढे गेले होते. गेले काही महिने असंच होतंय. बुलबुल ओरडतो ते चोच हलते म्हणून कळतं, कुकरची शिट्टी झाली हे वाफ दिसल्यावर. मी चार माणसांत वाकून उभा, ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघतोय. मान हलवली असती तर त्याचा चांगला टर्बो भंगारात गेला असता आणि नवा टाकूनही तो घाटात तसाच अडकला असता. खरं सांगितलं असतं तर माझं तिथलं उभं राहणं संपलं असतं.

त्या क्षणी मला आपल्या वर्गातली ती खलाशाची मुलगी आठवली. तिला कमी ऐकू यायचं. कविता सुरू झाली की ती खिडकीबाहेर बघत बसायची. एक दिवस तुम्ही तिला पुढे बोलावलंत, तिचा तळवा टेबलावर पालथा ठेवलात आणि ठोके दिलेत. मागच्या बाकावर कोणी हसलं. तुम्ही मागे वळूनही न बघता म्हणालात, "हसणाऱ्याने आता फळ्यावर येऊन गण पाडावेत. ती पाडतेय." आणि तिने खरंच पाडले, एकही न चुकता.

मी लेकीला म्हटलं, "इंजिन बंद कर. पार गार होऊ दे." ती चकित झाली, पण तिने चावी फिरवली. तेवढ्या वेळात मी टर्बोचा पाइप सोडवून पंखा बोटाने फिरवला. मोकळा फिरत होता, दांडीला ढिलाई नव्हती, तेलाचा थेंब नव्हता. त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हताच. हल्लीच्या गाड्यांत आणखी एक झडप असते, बाहेर चाललेला धूर थोडासा परत इंजिनात घेणारी. इंजिन गार असताना ती बंद असायला हवी आणि तिच्या पलीकडची नळीही गारच राहायला हवी. पाइप परत जोडून इंजिन चालू करायला सांगितलं आणि त्या नळीवर तळवा ठेवला. बघता बघता चटका बसला. झडप उघडीच अडकली होती. धूर परत इंजिनात जात होता, टर्बो फिरवायला जोर उरत नव्हता आणि इंजिनाला ताजी हवा मिळत नव्हती. झडप काढली तर आत काजळीचा हा थर. साफ करून बसवली, लेकीने लॅपटॉपवर तपासून घेतली. म्हणाली, "आता बंद होतेय. बाबा, तुमच्यासारखीच होती की ही. जुना धूर आत घेत बसायची."

खरंय तिचं. गेलेलं थोडं परत आत घ्यावं, त्याने डोकं थंड राहतं. पण झडप बंदच झाली नाही की माणसाला चढ चढवत नाही.

ड्रायव्हर काल सकाळी माल भरून गेला. "घाट चढलो की फोन करतो हो काका," म्हणाला. माझा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला आहे. कालपासून मी तो वाजलेला ऐकला नाही, आणि उठून बघवतही नाही. त्याचा फोन आलेला नसेल तर माझं निदान चुकलं. आलेला असेल तर माझे कान गेले. लेक पार्ट आणायला चिपळूणला गेली आहे, म्हणून हे तुम्हाला लिहीत बसलोय. पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्न नाहीच. बाई, तुम्ही सांभाळायला सांगितलेले कान गेले. झालं, लिहिलं एकदाचं.

पण हे काय, टेबल थरथरतंय. पेन ठेवून मी तळवा पालथा टेकवला. अंगणात मोठी गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे आणि ठोके कसे एकसारखे पडतायत, एकही मात्रा न गाळता. मान वर केली तर दारात तोच ड्रायव्हर. ओठ हलतायत, बहुतेक विचारतोय, किती फोन केले काका, उचलला का नाहीत. एका हाताने अंगठा दाखवतोय, दुसऱ्यात मडक्यातलं कोल्हापूरचं दही. त्याला हाताने थांबवलंय. हे वाक्य संपलं की उठतो आणि त्याला सांगतो, बाबा रे, आत ये आणि जरा मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही.