कोऱ्या लाकडासारख्या दिसणाऱ्या फ्रेमांबाबत कबुली

मी, फोटोंच्या फ्रेमा करणारा, वय बहात्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही. जिचा धाक आहे ती थोरली बहीण बँकेत गेली आहे.

१. राहती खोली भाचीला. खिडकी जोर लावल्याशिवाय बंद होत नाही. ती मीच बसवली, हे कोणाला सांगू नये.

२. फ्रेमा आवळायचा मोठा शिकंजा समोरच्या घड्याळवाल्याला. तो सहा वर्षे त्याच्याकडेच आहे. आता पोत्याखालून बाहेर काढण्यास हरकत नाही.

३. दुकानातला माझा अर्धा हिस्सा ताईला. मात्र पुढील कबुली वाचूनही तिला तो हवा असेल तरच.

फ्रेम मी जोडतो, पॉलिश ताई करते. एकतीस वर्षे भांडण एकच. गिऱ्हाइकाला लाकूड लाकडासारखे दिसायला हवे असते, आणि काहीच लावले नाही तर बोटांचे डाग पडतात. ताई म्हणते, जवसाचे तेल. मी म्हणतो, तेलाने लाकूड पिवळे पडते. पाण्यात कालवायचे मॅट पॉलिश, एकच पातळ हात. "तुझं ते प्लास्टिक माझ्या फ्रेमांना लागणार नाही," ती म्हणाली आणि विषय मिटला.

मिटला नाही. ती संध्याकाळी घरी गेली की तिचे वाळलेले तेल मी पॉलिश पेपरने घासून काढत आलो आणि वर माझा पातळ हात देत आलो. "लाकडाला काही लावलंय असं वाटतच नाही हो!" असे गिऱ्हाईक म्हणे, आणि ताई माझ्याकडे बघून भुवई उडवी. ती भुवई मी सोसली. तोंडावर सांगायचे धाडस नाही, म्हणून इथे.

एवढे लिहिले तोच मृत्युपत्रासाठी बोलावलेल्या वकीलबाई व त्यांचे कारकून आले. मागोमाग ताई. बँक बंद होती. तिने माझ्या खांद्यावरून कलम तीन आणि खालची कबुली वाचली.

"एवढंच? अरे, सकाळी हात फिरवला की कळायचं मला. तू चहाला गेलास की मी पेपर मारून पुन्हा तेल चढवायचे."

"दर वेळी?"

"एकही सोडली नाही."

म्हणजे चहापूर्वी फ्रेमांवर माझा हात, चहानंतर तिचे तेल; लोकांनी तारीफ केली ती नेमकी कशाची, हे आता आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीला दोघं लागतात. पण बाई, तुम्ही नको. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुमचा हिस्सा जाईल."

"सही केली तर याचं अर्धं दुकान माझ्या गळ्यात पडणार नाही?"

"नाही."

"आणा पेन इकडे. निघालाय मरायला! मग माझं तेल घासून कोण काढणार?"

तिने सही केली. कलम तीन त्यामुळे बाद. विचार करून पुन्हा लिहीन. तोवर जिवंत राहणे भाग आहे.

लिहून ठेवणार: फ्रेमवाला (सही)
साक्षीदार: १. ताई (सही, माझ्या सहीपेक्षा मोठी)
२. वकीलबाईंचे कारकून (सही)
ठिकाण: दुकानातले पॉलिशचे टेबल
दि. ९ मार्च, दुपारी बारा