डाव्या हातावरची मेंदी

शुक्रवार, संध्याकाळ

आज यवतमाळला तपासणी झाली. छातीतली कॅन्सरची गाठ काढली तेव्हा डाव्या काखेतल्याही गाठी काढल्या होत्या, म्हणून त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको. पण दर वेळी घाईत नर्स नेमका तोच हात ओढते आणि मी गप्प बसते. काहून बसते, देव जाणे!

काल हे शेजारच्या शमीमभाभीला सांगितलं. ती मेंदीचा कोन घेऊन आली, कोपराखाली वेलबुट्टी काढली आणि मधोमध लिहिलं, 'हा हात सोडा'. म्हणाली, "तू तं बोलत नाही ना, मंग हे बोलन."

आज नर्सनं पट्टा आणला, वाचलं आणि खळखळून हसली. मुकाट्यानं उजवा हात धरला. मीही हसले, त्या दवाखान्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, "आता सहा महिन्यांनी नको, वर्षानं या."

भाभी दारातच वाट पाहत होती. सांगितलं तर तोंड पाडून म्हणते, "वर्षानं? तवरोक मेंदी कायची राह्यते वं!"

किती सुंदर रंगली आहे. उतरू दे खुशाल.